सूर्यमाळचा केशरी दिवा

श्रीमती मालतीताई भोये यांचे प्रथम दर्शन मला देवळाच्या सभामंडपात घडले, पण त्या देवदर्शनाला आल्या नव्हत्या. जव्हारचे माझे सकाळचे पोथीवाचन आटोपत आले होते. मंडपाच्या पायरीशी चपला हातात धरून एक बाई उभ्या होत्या आणि गाभाऱ्याकडे पाठ करून शिखराकडे पाहत होत्या. वाचन संपेपर्यंत त्या थांबल्या, तीर्थ घेतले, आणि मग सरळच म्हणाल्या, "गुरुजी, या शिखरावर एक खांब उभारायचा आहे. कळसापेक्षा हातभर उंच लागेल. चालेल का?"

"ताई," मी म्हणालो, "कळसाच्या वर फक्त आकाश असते."

दुसरे कोणी असते तर विज्ञानाच्या दोन गोष्टी ऐकवल्या असत्या किंवा विश्वस्तांच्या घरी चकरा मारल्या असत्या. मालतीताईंनी पुन्हा एकदा वर पाहिले, "मग मला दुसरी जागा शोधायला हवी," एवढेच बोलल्या आणि निघून गेल्या. पुढे काही दिवसांनी आमच्या महाविद्यालयाच्या पाण्याच्या टाकीवर, कंबरेला दोर बांधून उभ्या असलेल्या त्या मला दिसल्या. मला पाहताच वरूनच ओरडल्या, "गुरुजी, इथून सूर्यमाळ दिसते! आणि खांब तुमच्या कळसाच्या खालीच आहे, मोजून घेतलंय!"

मर्यादा एकदा सांगितली की ती कशासाठी, असे त्यांनी मला कधी विचारले नाही. आणि ती पाळल्याचा उच्चारही पुन्हा केला नाही. त्यांच्या साठाव्या वर्षाच्या पूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा मान शास्त्रे आणि पुराणे यांतच ज्याचे आयुष्य गेले अशा म्हाताऱ्याला मिळावा, हे माझे भाग्य समजतो. संपादकांनी 'तांत्रिक बाजूही यावी' असे सुचवले आहे. मला उमगली तेवढी ती मांडतो. चुकलो तर ताई दुरुस्त करतीलच. त्या कोणाची भीड ठेवत नाहीत.

ताई मूळच्या जामसरच्या. घरची पावसावरची भातशेती. शिक्षणासाठी बाहेर पडल्या, दूरध्वनीच्या क्षेत्रात अभियंता झाल्या, मोठमोठ्या शहरांतली यंत्रे त्यांनी सांभाळली, आणि नोकरीची काही वर्षे शिल्लक असतानाच परत आल्या. "कंटाळलात का हो?" असे मी एकदा विचारले. "छे! तिकडे माझ्यावाचून कोणाचं अडत नव्हतं," त्या म्हणाल्या.

आपल्या संस्थेचे मात्र तेव्हा अडले होते. जव्हारला महाविद्यालय, पोशेऱ्याला दवाखाना आणि वर सूर्यमाळला निवासी शाळा असा आपला विस्तार. सूर्यमाळला मुलींसाठी अकरावी-बारावीचा विज्ञानवर्ग काढला खरा, पण तिथे शिक्षक टिकेना. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची मारामार. नेमलेला शिक्षक होळीच्या आत बदली मागे. वर्ग जव्हारला हलवावा, तर पाड्यांवरचे आईबाप मुलींना इतक्या लांब धाडणार नाहीत. म्हणजे त्या मुलींची शाळा दहावीलाच संपणार. ताईंनी सुचवले की प्राध्यापकांनी जव्हारहून शिकवावे आणि मुलींनी ते सूर्यमाळला पडद्यावर पाहावे, तिथूनच शंका विचाराव्यात. कार्यकारिणीने काही काळाची मुदत दिली आणि एकच अट घातली: वर्ग बंद पडता कामा नये. पडला, तर तो जव्हारला हलणार.

या अटीपायी ताईंनी दोन वाटा केल्या. एक जव्हारहून थेट सूर्यमाळला, बिनतारी, या डोंगरावरच्या खांबावरून त्या डोंगरावरच्या खांबाकडे. दुसरी तशाच खांबांनी जव्हारहून पोशेऱ्याच्या दवाखान्यावर आणि तिथून सूर्यमाळला. एका वाटेवरचा खांब वाऱ्याने हलला तर दुसऱ्या वाटेने निरोप जावा, ही योजना कोणालाही पटावी अशी. परंतु तिच्या पोटातच एक घात असतो. तो ओळखून बांधून ठेवणे, ही ताईंची विद्या.

त्यांनी मला समजावले ते असे. प्रत्येक ठिकाणी एक पेटी असते, तिला स्विच म्हणतात. सर्वांसाठी असलेला निरोप आला की ती तो ज्या तोंडातून आला ते सोडून बाकीच्या सगळ्या तोंडांतून पुढे पाठवते. तीन पेट्या रांगेत असतील तर निरोप शेवटच्या पेटीपर्यंत जातो आणि थांबतो. तीन पेट्यांचे वर्तुळ झाले की तोच निरोप फिरून पहिल्या पेटीकडे येतो. तिला ओळख नसते. ती त्याला नवा समजून पुन्हा वाटेला लावते. एकाचे अनेक होतात, आणि पाहता पाहता सगळ्या वाटा त्या एकाच निरोपाच्या प्रतींनी भरून जातात. खऱ्या कामाला पाऊल ठेवायला जागा उरत नाही.

"मग तो निवतो केव्हा?" मी विचारले.

"निवत नाही, गुरुजी. या निरोपाला वय नसतं. कोणीतरी वर्तुळ तोडेपर्यंत फिरतच राहतो."

जन्म आहे, मरण नाही, आणि मुक्तीही नाही! चौऱ्यांशीच्या फेऱ्यावर मी उभ्या आयुष्यात कितीतरी प्रवचने केली, पण इतका निर्दय फेरा माझ्याही कल्पनेत आला नव्हता.

यावर जो उपाय आहे तो ऐकून मी थक्क झालो. सुरुवातीला प्रत्येक पेटी 'मीच मूळ' असे म्हणत असते. मग त्या एकमेकींचे ऐकतात, आणि जिचा अधिकार मोठा ठरलेला असतो तिच्यापुढे बाकीच्या आपला दावा सोडून देतात. अहंकार इतक्या थोड्या वेळात गळताना मी मनुष्यांत पाहिलेला नाही. मूळ ठरले की प्रत्येक पेटी मुळाकडे जाणारी सर्वांत जवळची वाट धरते, आणि जी वाट जास्तीची उरते तिचे तोंड मिटून घेते. वर्तुळाचा वृक्ष होतो. ताईंनी कागदावर मूळ वर आणि फांद्या खाली अशी आकृती काढली, तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. शास्त्रकारांनी सांगितलेला वृक्षही असाच आहे.

"हात कसले जोडता? चहा घ्या," ताई म्हणाल्या. त्यांचा चहा आणि माझे जोडलेले हात यांचाही काही संबंध होता, हे त्यांच्याकडे चहा प्यालेल्यांना निराळे सांगायला नको.

मिटलेली वाट तुटलेली नसते, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा बजावले. ती बोलत नाही, पण कान देऊन असते. पलीकडचा आवाज थांबला की ती आपण होऊन बोलू लागते. तोवर तिच्या तोंडाशी एक केशरी दिवा तेवतो, बाकीचे हिरवे. आमच्याकडे मौनाचे व्रत सांगितले आहे, त्याचे मर्म मला त्या दिव्याने नव्याने सांगितले. हा केशरी दिवा सूर्यमाळच्या पेटीवर होता, पोशेऱ्याच्या दिशेच्या खांबावरून उतरणाऱ्या वायरीपाशी.

मुदत संपत आली तेव्हा आम्ही कार्यकारिणीच्या लोकांनी सूर्यमाळला जाऊन वर्ग डोळ्यांनी पाहावा असे ठरले. आमचे कोषाध्यक्ष नाना यांचे मत आधीच पक्के होते: वर्ग जव्हारला आणावा. नाना मनाने वाईट नाहीत. फक्त संस्थेच्या मालकीची प्रत्येक वस्तू राबताना दिसली पाहिजे, असा त्यांचा हट्ट असतो. ताई जव्हारला, शिकवण्याच्या टोकाला थांबल्या होत्या. मुली वह्या उघडून बसल्या. पडद्यावर प्राध्यापक आले, त्यांनी नमस्कार केला, आणि ते तसेच हात जोडलेले थिजून गेले.

"हे आता नमस्कारच करत राहणार काय?" नाना म्हणाले.

एकही मुलगी हसली नाही. आज काय ठरणार आहे, ते त्यांना ठाऊक होते.

त्याच वेळी पोशेऱ्याच्या दवाखान्यातलेही सगळे ठप्प झाले होते, हे मागाहून कळले. जव्हारचीही तीच गत. शाळेचे गृहपाल धर्माभाऊ मोबाइल घेऊन फाटकाजवळच्या ओट्याकडे धावले, कारण रेंज तेवढ्याच जागी येते. मीही काठी टेकत त्यांच्या मागे गेलो. पलीकडून ताईंचा आवाज आला.

"धर्माभाऊ, पेटीवरचे दिवे कसे लागलेत?"

"निघताना बगितलं, सगळे एकदम लुकलुकतात, ताय. लग्नाच्या मांडवावानी."

"आणि केशरी?"

धर्माभाऊ थोडे घुटमळले. "केशरी नाय आता. हिरवा केला म्या त्याला."

"कसा केला?"

"पावने येनार म्हनून सकाळी सगळं पुसून घेतलं. बगतो तर ती एकच वाट फुकट पडलेली. मंग उपटली आन् वर्गातल्या लहान डब्यात लावली. लगेच हिरवी झाली, ताय!" त्यांच्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता. "पान्याचं तोंड दोन्हीकडून उघडं पायजे ना? एकीकडून बंद ठेवल्यावर टाकी कशी भरंल?"

हे समजायला सूर्यमाळला राहिलेले असावे लागते. शाळेचे पाणी धर्माभाऊंनीच इतकी वर्षे सांभाळले आहे. खालच्या विहिरीचा एक पाइप, झऱ्याचा एक, आणि दोन्ही टाकीला जोडलेले. उन्हाळ्यात ज्याने थेंब थेंब गोळा केला, त्याला बंद तोंड पाहवत नाही. पाण्याला जो न्याय लागू तो निरोपालाही लागू, असे त्यांनी मानले. पण तो लहान डबा मोठ्या पेटीलाच जोडलेला होता, आणि सद्भावनेच्या हाताने वर्तुळ पुरे झाले.

मला वाटले, आता ताई भडकणार. त्यांचा राग मी पाहिलेला आहे. पण त्या हसल्या. "टाकी भरली हो, धर्माभाऊ. इतकी भरली की जव्हारपर्यंत सगळं वाहून गेलं. आता ती वायर काढा बघू."

धर्माभाऊ पेटीकडे पळाले आणि धापा टाकत ओट्यावर परत आले. "काढली... शांत झाले, ताय. मांडव उठला जनू."

"आता जुन्या जागी लावा आणि केशरी होऊ द्या. तो केशरीच बरा."

प्राध्यापकांचे हात एकदाचे खाली आले आणि वर्ग सुरू झाला. परंतु जे व्हायचे ते सर्वांदेखत झाले होते. दुपारच्या जेवणाआधी ताई जीपने वर येऊन पोहोचल्या, तेव्हा नाना अंगणातच वाट पाहत होते.

"ताई, दोन वाटा केल्यात म्हणून दोन्ही बुडाल्या. एकच ठेवली असती तर हे झालं असतं का? आणि हे केलं कोणी, ते आधी कळू द्या."

"मी," ताई म्हणाल्या. "वर्गातले संगणक लवकर सुरू व्हावेत म्हणून त्या लहान डब्याच्या दारावरचा, वर्तुळ होतंय का ते पाहणारा पहारा मीच उठवला होता. पहारा असता तर मोठ्या पेटीने ते दार आपण होऊन मिटलं असतं. आणि केशरी दिवा कशासाठी आहे, हे मी इथे एकाही माणसाला सांगितलेलं नाही."

"ताय, खोटं नको," मागून धर्माभाऊ म्हणाले. "नाना, वायर म्या लावली."

"तुम्ही गप्प बसा, धर्माभाऊ. मी माझ्या चुकीबद्दल बोलते आहे."

मग त्यांनी जे केले ते पाहून आम्ही सर्व चकित झालो. कार्यकारिणी, मुली, स्वयंपाकघरातल्या बाया, सगळ्यांना त्यांनी अंगणात हात धरून गोल उभे केले. नियम एकच: एका बाजूने जे ऐकाल ते दुसऱ्या बाजूला सांगायचे. नानांना म्हणाल्या, "दोन्हीकडे सांगा, जेवण तयार आहे." निरोप दोन्ही अंगांनी निघाला, वळसा घालून दोन्ही अंगांनी नानांकडे परत आला, आणि नियमाप्रमाणे नानांना तो पुन्हा पुढे धाडावा लागला.

"अहो ताई, हे दोन्ही कानांत येतंय! जेवायला जाऊ द्याल की नाही?"

"नियम मोडू नका, नाना."

गलका इतका वाढला की मी कधीचा पाणी मागत होतो ते शेजारच्या बाईंनाही ऐकू गेले नाही. मग ताईंनी धर्माभाऊ आणि त्यांच्या शेजारची सविता नावाची मुलगी यांच्यापुढे जाऊन ओठांवर बोट ठेवले. "तुम्ही दोघांनी एकमेकांचा हात सोडायचा नाही. कान द्यायचा. पण एकमेकांशी बोलायचं नाही." पुन्हा निरोप निघाला, त्या दोघांपर्यंत दोन्हीकडून आला आणि तिथेच विसावला. अंगण शांत झाले. माझे पाणी मला मिळाले. शेवटी ताईंनी नानांचा हात धरून त्यांना गोलातून बाहेर काढले. नानांच्या जागी खिंड पडली. खिंडीच्या एका बाजूने निरोप निघाला, पण पलीकडे पोहोचेना.

"आता बोलू का, ताय?" धर्माभाऊंनी विचारले.

"आता बोला."

धर्माभाऊ सवितेच्या कानात पुटपुटले, आणि जेवण तयार असल्याचे पुन्हा सर्वांना कळले. नाना एकटे बाहेर उभे होते. "म्हणजे मी नसलो तरी तुमचं चालतं तर!" ते म्हणाले, आणि त्या दिवशी मुली पहिल्यांदा हसल्या.

निर्णय मात्र त्या दिवशी झाला नाही. "पावसाळा बघू," नाना म्हणाले. "त्यात वर्ग टिकला तर राहील."

परतीच्या वाटेवर ताई आणि मी एकाच जीपमध्ये होतो. त्या म्हणाल्या, "गुरुजी, वाटा दोन केल्या, पण त्या जाणणारी मी एकटीच. ही चूक त्या वायरीपेक्षा मोठी आहे." ते खरे होते. ताईंचा हा दोष त्यांच्या गौरवग्रंथातही झाकून ठेवू नये, असे मला वाटते: त्या सगळे स्वतःच्या डोक्यात ठेवत, कोणी विचारले तर "ते माझ्यावर सोडा" म्हणत, आणि फोन तर मनाला येईल तेव्हाच उचलत. त्या दिवसानंतर हे बदलले. फोनचे सोडून. लहान डब्याच्या दारावर पहारा बसला. दर रविवारी ताई सूर्यमाळला जाऊ लागल्या, आणि धर्माभाऊ नि त्या वर्गातल्या मुली यांना शेजारी बसवून पेटी उघडून दाखवू लागल्या. केशरी दिव्याखाली त्यांनी मोठ्या अक्षरांत एक पाटी लावली: 'हा दिवा असाच असू द्या. ही वाट ऐकत आहे.'

याच सुमारास माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि वाचन बंद ठेवावे लागले. देवळातली माझी सकाळची श्रोतेमंडळी पांगणार, या विचाराने मी खिन्न होतो. पहिल्याच सकाळी ताई येऊन आसनावर बसल्या आणि पोथी उघडून वाचू लागल्या. संधी सोडवताना अडखळत, जोडाक्षरांना ठेचा खात. मी डोळ्यांवर पट्टी बांधून शेजारी बसून सुधारत असे. "ताई, एवढी दगदग कशाला?" मी म्हणालो. "तुमची दुसरी वाट कोण, हे तुम्हीही ठरवून ठेवलं नव्हतंत ना?" त्या म्हणाल्या. देवावर त्यांची श्रद्धा किती, हे मी आजवर विचारलेले नाही. पट्टी सुटेपर्यंत पोथीचा एकही दिवस खंडला नाही, एवढे मला पुरते.

आणि पावसाळा आला. ऐन पावसात एके दुपारी वाऱ्याने थेट वाटेवरचा खांब वाकवला. सूर्यमाळला भौतिकशास्त्राचा वर्ग चालू होता. पडदा एक श्वासभर थांबला आणि पुढे चालू लागला. मुलींनी वहीतून मानही वर केली नाही. धर्माभाऊ मात्र पेटीपाशीच होते. केशरी दिवा त्यांच्या डोळ्यांदेखत हिरवा झाला. ताई त्या दिवशी तापाने फणफणून जामसरला भावाच्या घरी पडून होत्या. धर्माभाऊंनी ओट्यावरून फोन केला, आणि आश्चर्य म्हणजे तो उचलला गेला.

"ताय, केशरीनं तोंड उघडलं! म्या हात नाय लावला, देवाशपथ!"

"वर्ग चालू आहे?"

"चालू हाय. सवितानं बाकीचं सगळं बगितलं, खांब वाकला ते जव्हारला पन कळवलं."

"मग मला कशाला उठवता? झोपू द्या," ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या वहिनींनी मला नंतर सांगितले की फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ भिंतीकडे तोंड करून रडल्या, आणि मग खरोखरच गाढ झोपल्या.

पुढच्या बैठकीत सूर्यमाळचा वर्ग कायमचा सूर्यमाळलाच ठेवण्याचा ठराव आला. तो नानांनी मांडला. त्या पहिल्या तुकडीतली सविता शिकून आज आपल्या महाविद्यालयात तिन्ही गावांचे हे जाळे सांभाळते, आणि सूर्यमाळला आजही अकरावीच्या मुली वह्या उघडून बसतात.

साठी पूर्ण होताच आपण सर्व जबाबदाऱ्या सवितेकडे सोपवणार, असे ताईंनी कार्यकारिणीला कळवले आहे. आम्ही सर्वांनी आग्रह केला. "आपल्यावाचून कसे चालेल?" असे मीही म्हणालो. "चालतं, गुरुजी. मी तापात होते तेव्हा बघितलंत की," त्या म्हणाल्या. "आणि मी कुठे जात नाही. जामसरलाच आहे. आता मला केशरी होऊ द्या."

ज्याचे काम संपले आहे आणि कान मात्र उघडे आहेत, त्या अवस्थेला शास्त्रकारांनी फार मोठे स्थान दिले आहे. ती पदवी मागून मिळत नाही. ताईंनी ती कष्टाने मिळवली. मालतीताई, आपल्या हातची वाट अखंड हिरवी राहो, आणि आपल्याला बोलावण्याची वेळ आमच्यावर क्वचितच येवो. भाताच्या हिरव्या खाचरांकडे पाहत, निरोगी शरीराने आणि निश्चिंत मनाने आपण शतायुषी व्हावे. चहा मात्र वहिनींना करू द्यावा. मी रोज सकाळी पोथी मिटताना देवापाशी एवढेच मागतो, की जामसरचा हा केशरी दिवा माझ्यामागेही पुष्कळ वर्षे तेवत राहो.